सहार ते केनेडी, ७,७९० मैल

१२ ऑक्टोबर १९८६, रविवार. सकाळी १०
काल न्यूयॉर्कहून अनूचं पत्र आलं. नेहमीप्रमाणे शुभाच्या नावाने. साडेचार वर्षांत पोरीने बापाच्या नावाने एक पाकीट टाकलेलं नाही. मी मनाला लावून घेत नाही. शुभाने वाचून दाखवलं. अनूला दिवस गेलेत, फेब्रुवारीअखेरची तारीख आहे, बाळंतपणाला आई हवी. दोन तिकिटं पाठवणार आहेत. एक शुभाचं. दुसऱ्याबद्दल लिहिलंय, बाबांना यायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने मला एक ओळ लिहावी. नाताळपर्यंत. नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी आणू.
दुसरं कोण येणार आहे? उगाच धमकी. आणि एक ओळ! मी तेहतीस वर्षं कंपनीचं डिस्पॅच सेक्शन सांभाळलं. रोज चारशे पाकिटं. मला एका ओळीचं काय कौतुक!

संध्याकाळी ६
शुभा विचारते, लिहिलीत का. म्हटलं, अगं, अपुऱ्या माहितीचं टपाल मी जन्मात सोडलेलं नाही. अंतर किती, तास किती, विमान कुठे बदलायचं, यातलं काही ठाऊक नसताना नुसतं 'येतो' काय लिहायचं? ती म्हणाली, अनूने तुम्हाला अंतर विचारलेलं नाही. बायकांना डिस्पॅच कळत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
शुभाने चकाल्याच्या पोस्टातून एरोग्राम आणला, परदेशी पाठवायचं घडीचं पत्र. निळा, कोरा करकरीत. टेबलाच्या काचेखाली सरकवला. म्हणे, डोळ्यांसमोर राहील. झकास कल्पना. उद्या लिहितो.

१९ ऑक्टोबर, रविवार
अनूचा शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला. स्टँड मोडलाय, ऑस्ट्रेलियाला पोचा आहे, बाकी ठीक. आठ इंची गोल. एक इंच म्हणजे हजार मैल, सरळ हिशेब. शुभाच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला.
मुंबईवर बॉलपेनचा ठिपका आहे. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात 'आमचं घर'. अनू तेव्हा चौथीत असेल. ठिपका जरा गुजरातकडे गेलाय. अशाने मोजमापात पन्नास-साठ मैलांचा घोळ होतो. थुंकी लावून पुसायला गेलो. मग राहू दिला.
दोरा ताणला तर काय! मला वाटलं होतं, सरळ पश्चिमेला जाईल, अरबस्तान, आफ्रिका, मग समुद्र. छे! दोरा सुटला वर. रशिया, नॉर्वेचं डोकं, ग्रीनलंडचं टोक, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. तळमजल्यावरच्या शरच्चंद्र कामतला बोलावून दाखवलं. (बिल्डिंगमध्ये फोन त्याच्याकडे एकट्याकडे आहे, त्यामुळे स्वतःला फार शहाणा समजतो.) म्हणतो, अण्णा, दोरा घसरला असेल. पुन्हा तीनदा मोजलं. बारीकसारीक धरून ७,७९० मैल. लंडनमार्गे ७,९३०. हाताशी कागद नव्हता म्हणून एरोग्रामच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने टिपून ठेवलं. नंतर खोडता येईल.

३ नोव्हेंबर, पाडवा
शुभा मढला फराळ देऊन आली. मढ म्हणजे अनूच्या सासूबाई, अंजनाबाई. वर्सोव्याहून तरीने पलीकडे जावं लागतं. मी गेलो नाही. तरीत बसलं की मला गरगरतं.
माझं त्या बाईंशी वैर नाही. उगाच गैरसमज करून घेतलाय सगळ्यांनी. ८२ साली त्या लग्नाचं बोलायला आमच्या दारात आल्या, त्या डोक्यावर सरंग्यांची टोपली घेऊन. भेट म्हणून. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून मी म्हटलं, टोपली बाहेर जिन्यात ठेवा. एवढंच. आता मांजराने दोन सरंगे पळवले, त्याला मी काय करणार? जातीबितीचा प्रश्नच नव्हता. त्यांचा हरेश्वर हुशार इंजिनियर आहे, मी कधी नाही म्हटलंय? फक्त बाई जिना उतरत असताना, 'मुलगी कोळीवाड्यात द्यायला वाढवलेली नाही' असं काहीतरी बोलून गेलो. जरा मोठ्याने. आमच्या जिन्यात आवाज घुमतो, ती बिल्डरची चूक. अनू त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडे राहायला गेली ती गेलीच. लग्नाच्या दिवशी माझी पाठ धरली होती, नाहीतर गेलो असतो.
शुभाने पुन्हा ओळीचं काढलं. म्हटलं, सणासुदीला कटकट नको.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज मुंबई–लंडनची रंगीत तालीम. पावणेदहा तास एका जागी बसायची सवय नको? घडीची खुर्ची, कमरेला पँटचा पट्टा खुर्चीसकट बांधला. शुभाला लेखी सूचना: आठ वाजता आणि बारा वाजता ट्रे.
६.०० टेक ऑफ.
७.१० कराची. छान वाटतंय.
८.०० ट्रे आला. पोहे. लिंबू विसरली, पण विमानात कुठे मिळतं लिंबू.
८.४० इराण. उठावं लागलं. (पट्टा सुटायला वेळ लागतो. पुढच्या वेळी आधी निघावं.)
९.१५ शुभा निघाली. म्हणे, अंजनाबाईंना फोटो स्टुडिओत न्यायचंय, पासपोर्टचे फोटो काढायला. त्यांना पासपोर्ट कशाला हवाय? असते एकेकाला हौस.
१०.०० कॅस्पियन समुद्र. डावा पाय माझा आहे की नाही, कळत नाही.
१२.०० ट्रे नाही. एअर होस्टेस मढला.
१.२० पोलंडवर असताना खुर्ची मिटली. मी आत. शरच्चंद्र पेपर मागायला आला, त्याने पट्टा सोडवला. त्याला सांगितलं, अपघात नव्हे, इमर्जन्सी लँडिंग. तो अख्ख्या बिल्डिंगला हसत सांगत सुटलाय. हसू देत. पोलंडपर्यंत गेलेला या बिल्डिंगमध्ये दुसरा आहे का कोणी?
तालमीचा तक्ता एरोग्रामवर नीट उतरवला. आता शाईनेच, मागचे मैलही शाईने गिरवले. पेन्सिल पुसट होते.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ९
महत्त्वाची नोंद. अनूचा फोन.
शरच्चंद्रने खालून हाक मारली. आधी शुभा बोलली, मग तिने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. साडेचार वर्षांनी पहिल्यांदा. आवाज तोच आहे. फक्त प्रत्येक शब्द जरा उशिरा पोचतो. अनू म्हणाली, बाबा, कसे आहात?
वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, तिकडे मिनिटाला डॉलर पडतात. मी लगेच मुद्द्यावर आलो. सरळ अंतर ७,७९० मैल, लंडनमार्गे ७,९३०. उड्डाण पावणेदहा अधिक साडेसात, मधला थांबा दोन, एकूण सव्वाएकोणीस तास. तिला विचारलं, लिहून घेतेयस ना? लाइन चालू होती, श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, बाबा, आणखी काही बोलायचंय का? मी डोक्याला ताण देऊन आठवलं आणि सांगितलं की परतीच्या प्रवासात वारा पाठीमागून असतो, त्यामुळे वेळ वाचतो. फोन बंद झाला. या लाइनी अशाच असतात.
कॉल अत्यंत यशस्वी. सगळी माहिती पोचली. 'बाबा' दोनदा म्हणाली. नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो.
वर येताना जिन्यात मिनिटभर बसावं लागलं. गुडघा.

रात्री ८
शुभा जेवताना एवढंच म्हणाली, ती रडत होती. असेल. अशा दिवसांत होतं बायकांना.

१५ डिसेंबर, सोमवार
आज बैठक मारली. ओळ लिहायचीच. आधी वेगळ्या कागदावर मसुदे केले.
'चि. अनूस अनेक आशीर्वाद. आम्ही येण्याचे योजिले आहे.' फार सरकारी.
'तू म्हणतेस तर येतो.' म्हणजे मी आपला मिंधा?
'येऊ का?' हे तर भलतंच. बापाने विचारायचं?
'अनू, माझं तेव्हा चुकलं' इथपर्यंत आलो आणि शाई संपली. म्हणजे अगदी संपली नव्हती, पण संपत आली होती. शाई संपायला आली की अक्षर बिघडतं. मसुदे फाडून टाकले.
उरलेल्या वेळात एरोग्रामवर पत्त्याच्या जागी सामानाचं वजन मांडलं, आतल्या पानावर थांब्यांचे तास आणि घड्याळांतल्या फरकाचं कोष्टक काढलं. सुरेख झालंय.

२१ डिसेंबर, रविवार
नवी योजना. आजपासून न्यूयॉर्कच्या वेळेने जगायचं. म्हणजे तिकडे उतरल्यावर त्रास नको. एचएमटी घड्याळ साडेदहा तास मागे केलं. सकाळी न्याहारीला मुगाची खिचडी मागितली, कारण न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या जेवणाची वेळ. शुभाने कढई आपटली.

२५ डिसेंबर, गुरुवार
नाताळ. पोस्टाला सुट्टी. माझा नाइलाज.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९
शुभा म्हणते, मुदत संपली. साफ चूक. इथे २६ असली तरी न्यूयॉर्कमध्ये आत्ता २५ च्या रात्रीचे साडेदहा वाजलेत. नाताळ चालू आहे. कोष्टक दाखवलं. तिने बघितलंसुद्धा नाही. अजून दीड तास हातात आहे. आरामात एक ओळ होते.

दुपारी १२
डोळा लागला होता. न्यूयॉर्कमध्येही २६ लागली.
पण अनू काही परकी नाही. दोन-चार दिवस इकडेतिकडे.

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी आठला पुन्हा अनूचा फोन. माझ्यासाठी. शुभाने येऊन गदागदा हलवलं. मी म्हणे झोपेत ओरडलो की न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजलेत, सगळं न्यूयॉर्क झोपलंय, मला उठवू नका. चार मिनिटं पोरगी लाइन धरून होती, शरच्चंद्रने घड्याळ लावून बघितलं. ती खुद्द न्यूयॉर्कमध्ये जागी होती आणि मी चकाल्यात न्यूयॉर्कच्या वेळेने झोपलो होतो. च्यायला.
शरच्चंद्र म्हणाला, अण्णा, तू महान आहेस. त्याच्या बोलण्याचा सूर आवडला नाही. घड्याळ पुन्हा मुंबईवर आणलं.

१० जानेवारी १९८७, शनिवार
तिकिटं आली! दोन! मी म्हणत नव्हतो? ओळीबिळीचं काही नसतं, बाप तो बाप.

अर्ध्या तासाने
दुसरं तिकीट अंजनाबाईंच्या नावाचं निघालं.
शुभा म्हणते, मी तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही दोरा मोजत होतात. हरेश्वरने आधीच ठरवलं होतं, बाबांची ओळ आली तर बाबा, नाहीतर त्याची आई. अनू तिकिटासाठी नाताळनंतर आणखी तीन दिवस थांबली होती. २८ चा फोन त्यासाठीच होता.
मी लिफाफा उलटापालटा करून बघितला. लांबच्या टपालात एक पाकीट पुढे, एक मागे असं होतं. तेहतीस वर्षांचा अनुभव आहे. तिसरं तिकीट मागून येत असणार. पोलंडपर्यंत तालीम झालीच आहे, पुढचा टप्पा या आठवड्यात उरकून घ्यावा.

१८ जानेवारी, रविवार
पासपोर्ट काढून बघितला. ८१ साली हौसेने काढला होता. आत एकही शिक्का नाही, एकदम स्वच्छ. मुदत नोव्हेंबरातच संपलीय.
म्हणजे तिसरं तिकीट आलं असतं तरी वाट लागली असती. तेव्हा एका अर्थी बरंच झालं. तरी नव्या पासपोर्टाचा फॉर्म आणायला हवा.

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७
उद्या सकाळी विमान. मढहून पहाटे होडी मिळत नाही, म्हणून अंजनाबाई आजच मुक्कामाला आल्या. आमचं घर सहार विमानतळाला जवळ.
मी दार उघडलं. नऊवारी, अंगावर नवी शाल, हातात एक गाठोडं. साडेचार वर्षांत काही बदललेल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं, आणि मी काही बोलायच्या आधीच त्यांनी गाठोडं खाली, जिन्यात ठेवलं. मग आत आल्या.
मी म्हणणार होतो, आत आणा. जिभेवर आलंच होतं. पण मग वाटलं, असं एकदम म्हटलं तर ८२ सालचा विषय निघेल. त्यापेक्षा प्रवासाची माहिती द्यावी. गोल आणला, दोरा लावला, रशियापासून ग्रीनलंडपर्यंत सगळं समजावलं. पाऊण तास. बाईंनी निमूट ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही कधी विमानात बसलायत? म्हटलं, अभ्यास वेगळा, बसणं वेगळं. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, पोरगी तुमची वाट बघत होती, तुम्ही का येत नाही? मी गुडघ्याचं सांगितलं.
गाठोडं शेवटी शुभा जाऊन आत घेऊन आली. त्यात मासळी नव्हती. बाळासाठी गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली. खारीक, सुंठ, डिंक. आणि माझ्यासाठी म्हणून शेंगदाण्याचे लाडू, वेगळ्या डब्यात. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, यात मासे नाहीत हो, बिनधास्त खा. शुभा खो खो हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२
गेल्या. शरच्चंद्र टॅक्सीने सोडून आला. मी गेलो नाही, सामान बसल्यावर टॅक्सीत जागा नव्हती. म्हणजे पुढे ड्रायव्हरशेजारी होती.
सात वाजून वीस मिनिटांनी एक विमान गेल्याचा आवाज आला. तेच असणार. मी खुर्ची मांडली. पट्टा बांधला नाही. आत्ता त्या कॅस्पियनच्या पुढे असतील. शुभाला खिडकी मिळाली का, विचारायला हवं होतं. पस्तीस वर्षांत ती एकटी कल्याणलासुद्धा गेलेली नाही. जाताना मला म्हणाली, दूध उतू जाऊ देऊ नका, आणि ती एक ओळ अजून लिहिता येईल. तिकिटासाठी नाही, तिच्यासाठी.
अलबत. आता निवांत वेळच वेळ आहे. आजच लिहितो.

९ फेब्रुवारी, सोमवार
दूध उतू गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
मुलगी झाली. अनू सुखरूप. शरच्चंद्रने जिन्यातून ओरडून सांगितलं, सगळ्या बिल्डिंगला माझ्याआधी कळलं. मी विचारलं, मला फोनवर का बोलावलं नाही? तो म्हणाला, त्यांनी बोलवा असं सांगितलं नाही. दोन मिनिटांचाच फोन होता. बरोबर आहे. गडबड असते.
मंगळवारी पेढे आणावेत.

१ मार्च, रविवार
शुभाचं पत्र काल संध्याकाळी आलं. १६ फेब्रुवारीचं, बाळंतपणाच्या आधीचं. बारा दिवस लागले. विमान सव्वाएकोणीस तासांत जातं, मग हे कागद बारा दिवस करतात तरी काय?
लिहिते, अंजनाबाई लंडनपर्यंत खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. लंडनला शुभा घाबरली तर त्यांनीच हात धरून दुसऱ्या विमानापर्यंत नेलं, बोटाने दाखवत, खुणा करत, एकही इंग्रजी शब्द न बोलता. केनेडी विमानतळावर अनू आधी सासूच्याच गळ्यात पडली. बर्फ आहे. शुभा सहा महिने राहणार, पुढचं पुढे बघू म्हणते. म्हणजे परतीची तारीख नाही.
आणि शेवटी लिहिलंय. 'अनू रोज टपालाची पेटी बघते. मी सांगते, बाबांचं पत्र वाटेत आहे. किती दिवस खोटं बोलू? परवा ती विचारत होती, माझा गोल आहे का हो अजून घरात, की टाकला बाबांनी?'
गोल आहे. टेबलावर माझ्या समोर आहे. ठिपकाही आहे. हे लिहिता येईल. 'गोल आहे.' संपलं! एक ओळ होते! इतकी सोपी ओळ मला ऑक्टोबरपासून का सुचली नाही, देव जाणे.
काच उचलून एरोग्राम काढला. चार महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितला. मागे मैल. आत कोष्टक. घड्या पडतात त्या पट्ट्यांवर तालमीचा तक्ता, कराची, इराण, पोलंड. पत्त्याच्या जागी सामानाची वजनं. सगळं शाईने. एका कोपऱ्यात बोटभर कोरी जागा सापडली. तिथे 'प्रिय अनू,' एवढं मावलं. त्याच्यापुढे लगेच ७,७९० आहे.
वाचून बघितलं. प्रिय अनू, सात हजार सातशे नव्वद.
डोळ्यांना पाणी आलं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.
दोरा हातातच होता, म्हणून आमच्या उंबरठ्यापासून जिन्यात जिथे टोपली ठेवली होती तिथपर्यंत मोजलं. साडेतीन फूट. आत घ्यायला हवी होती. दोन्हीही. तेव्हाची टोपली आणि परवाचं गाठोडं.
नवा एरोग्राम आणायला हवा. आज रविवार, पोस्ट बंद. उद्या सोमवार, खिडकीवर रांग असते. मंगळवारी बघू.